कागद परत पाठवजो

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्यातल्या आमच्या अपार्टमेंटच्या गेटपाशी काळ्या पिशव्यांची रांग लागते. इथे ख्रिस्ती घरं दोनच आहेत, पण केक, भेटी आणि चकचकीत कागद आता सगळ्यांचेच झालेत. मी त्या पिशव्यांमध्ये डोकावते. आजूबाजूला कोणी नाही असं बघून एखादा बरासा कागद हळूच ओढून घेते. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला नेमकं रंगेहाथ पकडलं. "मॅडम, काही हरवलं का तुमचं?" त्यांनी विचारलं. "हो," म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

हे खूळ माझं स्वतःचं नाही. अमरावतीला कॅम्पात मी चार वर्षं ज्यांच्याकडे भाड्यानं राहिले, त्या घरमालकिणीचं ते आहे. सगळा मोहल्ला त्यांना सिस्टर म्हणायचा. सिस्टर म्हणजे जोगीण नव्हे, दवाखान्यातल्या सिस्टर. पस्तीस वर्षं वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा रेल्वेत होता, तो मी यायच्या आधीच वारलेला. मी दर्यापूरकडची, शेतकऱ्याची पोर, नुकतीच ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायला लागलेली. खोली बघायला गेले तेव्हा सिस्टरांनी मला नाव-गाव, जात-पात काही विचारलं नाही. फक्त विचारलं, "कचरा किती करतं वं तू?"

मला वाटलं, बाई थट्टा करतात. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्या घरात कचऱ्याची बादलीच नव्हती. ओलं सगळं मागच्या खड्ड्यात जायचं आणि पावसाळ्यात दोडक्याच्या वेलावरून परत यायचं. संत्र्याच्या दिवसांत सालं सुपात वाळत घातलेली असायची. थोडी साखरेत घोळून केकात, थोडी कुटून अंगाला लावायच्या उटण्यात. ओल्या तुरीच्या शेंगांची टरफलं समोरच्या गवळ्याच्या म्हशीला. रोज सकाळी महापालिकेची घंटागाडी गाणं वाजवत यायची, दारोदार थांबायची आणि आमच्या दारावरून रिकामीच पुढे जायची. गाडीवरचा माणूस रडकुंडीला यायचा. "सिस्टर, काईतरी द्या ना हो. आमचीबी ड्युटी हाये."

"तुही ड्युटी हाये त मी कचरा करू काय?" सिस्टर आतूनच ओरडायच्या. मग बाहेर येऊन त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. तो खडा तोंडात टाकून गाडी पुढे घ्यायचा. हे रोजचं.

पण खरा बहर डिसेंबरात. इतरांच्या घरी नाताळची सुरुवात चांदणीनं होते, आमच्याकडे उशीच्या खोळीनं व्हायची. एक डिसेंबरला मागच्या दारावर खिळ्याला दवाखान्यातली एक जुनी पांढरी खोळ लटकायची. नियम असा, की पूर्ण सणात दोघींच्या मिळून घरात जे काही निरुपयोगी उरेल, ते त्या एका खोळीत मावलं पाहिजे. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी त्या ती खोळ ओसरीवर उलटी करायच्या आणि वॉर्डाचा चार्ज दिल्यासारखं एकेक वाचून दाखवायच्या. "शाम्पूच्या पुड्या, नऊ. कोनाच्या?" माझ्याच असायच्या. "डोकं हाये का गोदाम?" मग त्या पुड्या धुऊन, वाळवून, ओसरीवरच्या लोडात कोंबल्या जायच्या. तो लोड असा वर्षानुवर्षं भरलेला होता. पाहुणा टेकला की कुरकुर आवाज यायचा. माझ्याच पुड्यांना टेकून मी पेपर तपासायची.

त्यांचं नाताळचं झाड म्हणजे पऱ्हाटी. पहिल्याच वर्षी मला म्हणाल्या, "तुह्या बाबाले सांग, एक कापसाचं झाड आन म्हना. बोंडासकट." बाबा फोनवर चिडले. "येचनीच्या दिवसात उभं झाड उपटू? काहून?" शेवटी मर लागलेलं एक झाड त्यांनी एसटीच्या टपावरून पाठवलं. सिस्टरांनी ते तेलाच्या डब्यात मातीत रोवलं. वाळलेल्या फांद्या आणि त्यांवर फुटलेली पांढरी बोंडं. खाली तुराट्यांची गव्हाण केली. बेथलेहेमात बर्फ पडतं का नाही मला ठाऊक नाही, पण कॅम्पात पडायचं, आणि ते आमच्या शेतातलं असायचं. सहा जानेवारीला झाड उतरलं की तोच कापूस शेजारच्या काकूंकडे जायचा. काकू देशपांडे घराण्यातल्या, सोवळ्याच्या. त्या सरकी काढून त्याच्या वाती वळायच्या.

"माह्या देवाचा बर्फ तुमच्या देवाले चालते नं?" सिस्टर विचारायच्या.

"दिवा जळाल्याशी कारण, बाई," काकू म्हणायच्या, आणि पिशवी पदराखाली घ्यायच्या.

झाडाच्या काड्या बंबात जायच्या. पौषात त्या पाण्यानं आंघोळ करताना मला आपण नाताळचं झाड अंगावर घेतोय असं वाटायचं.

आता कागदांबद्दल. कारण सांगायचं आहे ते कागदाचंच.

सिस्टरांच्या पलंगाखाली पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात भेटी गुंडाळायचे कागद. लाल, निळे, चांदीचे, फुलांचे, एक तर लग्नपत्रिकेचा. काही कागद माझ्या वयाचे असतील. प्रत्येकाच्या आतल्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं नावांची यादी. यंदा हा कागद कोणाकडे गेला, गेल्या वर्षी कोणाकडे होता. चिकटपट्टीला त्या घरात बंदी. भेट बांधायची ती धुतलेल्या बँडेजच्या पट्टीनं, आणि गाठ अशी की एक टोक ओढलं की सुटावी. भेट हातात देताना सिस्टर 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "कागद परत पाठवजो."

आणि लोक पाठवायचे. चर्चमधली माणसं, दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणी, मोहल्ल्यातली पोरंसोरं, जानेवारीभर कागद घेऊन दारात. येणारा ओसरीवर बसायचा, लोड कुरकुरायचा, चहा व्हायचा. भेट मिळाली, पोचली, सगळं बरं आहे, हे सगळं त्या चुरगळलेल्या कागदात यायचं. कागद आले की इस्त्री करून पेटीत. जानेवारीच्या शेवटी पेटी बंद व्हायची, ती नाताळच्या चार आठवडे आधी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीच उघडायची. दहा महिने तिला हात लावायचा नाही. का, तर म्हणे कागदाला विश्रांती लागते. वॉर्डातल्या माणसानं पेशंटबद्दल बोलावं तसं त्या कागदाबद्दल बोलायच्या.

तिथल्या माझ्या पहिल्याच जानेवारीत मी अगदी नवी होते. सिस्टरांच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनसाठी त्या अकोल्याला बहिणीकडे गेल्या, पंधरा-वीस दिवसांसाठी. जाताना मला सगळं समजावून गेल्या. टपाल येईल ते उघड, बिलं भर, कागद येतील ते इस्त्री कर, पेटीत ठेव, पेटी बंद कर. रोज संध्याकाळी फोन यायचा. "कोनाचं काई आलं काय?"

"विजेचं बिल आलं, सिस्टर. बाकी काही नाही."

"काईच नाई?"

"चिठ्ठीबिठ्ठी काही नाही."

"बरं," म्हणायच्या. त्या 'बरं'मध्ये काहीतरी होतं, पण मी तेव्हा पंचविशीतली. मला लोकांच्या 'बरं'मधलं काही ऐकू यायचं नाही.

मे महिन्यात काकूंनी मला बबलूची गोष्ट सांगितली. बबलू सिस्टरांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कंपनीत. मी यायच्या आदल्या वर्षी त्याचं लग्न झालं होतं, अकोल्याच्या एका लॉनवर. सगळं साग्रसंगीत. आणि वरमाय कुठे, तर रेशमी लुगड्यात, खरकट्या ताटांच्या टबापाशी उभी. मुलीचे मामा ताट ठेवायला आले. ताटात दोन अख्खे गुलाबजामुन आणि अर्धी पुरी. सिस्टर म्हणाल्या, "मामासाहेब, एवढं संपवा, मंग जा." मामा हसले आणि ताट पुढे केलं. सिस्टरांनी ते धरलं. त्यांनी ओढलं, यांनी सोडलं नाही. पाक मामांच्या कोटावर. व्याही धावत आले, आवाज चढले, आणि बबलू स्टेजवरून मुंडावळ्यांसकट खाली उतरला. सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, तुले मानसं दिसतच नाईत. तुले फक्त कचरा दिसतो."

त्यानंतर बोलणं बंद. फोन दोघांकडेही होते, एकमेकांचे नंबर होते, पण कोणी लावला नाही. दोघंही एकाच मातीचे. सिस्टर दर नाताळला पुण्याला करंज्यांचा डबा आणि काहीतरी विणलेलं पाठवायच्या. पोस्टात स्वतः जायच्या, हे काम मला कधी सांगितलं नाही. आणि मग जानेवारीभर कागद परत येण्याची वाट बघायच्या.

"पहिल्या वर्षी नाही आला," काकू म्हणाल्या. "यंदाही नाही आला. ती बोलत नाही, पण मला कळतं."

मी एकदा धीर करून त्या लग्नाचा विषय काढला. सिस्टर लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "चूक माहीच होती. दोन गुलाबजामुन वाचवाले गेली अन् पोरगं गेलं." पाकळी वाटीत टाकून पुढे म्हणाल्या, "पन गुलाबजामुन चांगले होते वं."

आज वाटतं, तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला.

त्या वर्षीचा आगमनकाळाचा पहिला रविवार. उपासनेहून आल्यावर सिस्टरांनी पेटी ओढली, आम्ही दोघी जमिनीवर बसलो. ऑपरेशननंतर त्यांना स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे स्वारी खुशीत. एकेक कागद उचलायचा, कोपरा उलटायचा, यादी वाचायची. हा मेरीकडे जाईल, हा गवळ्याच्या पोरीला. मी पट्ट्या गुंडाळत होते. एक निळा, पांढऱ्या चांदण्यांचा कागद त्यांनी उलटला आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

यादीत शेवटचं नाव पेन्सिलीनं, त्यांच्या अक्षरात: बबलू. त्याच्या खाली निळ्या पेनानं, दुसऱ्या अक्षरात, पण अगदी यादीतल्यासारखंच नीट एका ओळीत: रूथ. दीड महिन्याची. आणू का?

मी ते दोनदा वाचलं. मग मला आठवलं. कंपनीचं असतं तसं लांबट पाकीट, त्यावर पाठवणाऱ्याचं नाव नाही. उघडलं तर आत घडी केलेला एक कागद, चिठ्ठी नाही. त्या आठवड्यात पंधरा-सोळा कागद आले होते. मी तो वरच्या बाजूनं इस्त्री केला, पेटीत ठेवला आणि पाकीट उलटं करून पुन्हा वापरायला नीट ठेवून दिलं. सिस्टरांच्या घरची शिकवण मी तंतोतंत पाळली होती. दुसऱ्या कुठल्याही घरात असा कागद बघून कोणीतरी विचारलं असतं, की हा इथे कसा? आमच्या घरात कागदाला कोणी 'काही आलं' म्हणत नसे. आणि पुण्यात एक माणूस अकरा महिने समजत होता, की आईनं नातीला नको म्हटलं.

मी रडायला लागले. सिस्टर कागदाकडेच बघत होत्या. कागद त्यांनी तळहातानं एकदा, दोनदा सपाट केला.

"इस्त्री तूच केली होती काय?"

"हो, सिस्टर. माझ्या लक्षातच..."

"चांगली केली," त्या म्हणाल्या. "एक चुनी राहिली नाई."

एवढंच. त्यानंतर मी तिथे होते तोवर त्यांनी मला कधी ह्या गोष्टीवरून एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

"फोन लावा, सिस्टर. आत्ताच्या आत्ता लावा."

"अन् काय सांगू? का तुहा कागद पेटीत आराम करून राहिला होता?" त्यांचा आवाज चिरकला. "खरं वाटन काय कोनाले? पेटी उघडाची नाई, असं मीच सांगतलं होतं. तू रडू नोको. तुही चूक अर्धी, अन् माही पुरी."

मग त्यांनी कानामागची शिसपेन्सिल काढली आणि त्याच्या ओळीखाली एकच शब्द लिहिला: आण. तो कागद दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातला, एक्स-रे नेतात तसा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना रिक्षानं बडनेरा स्टेशनवर सोडलं. हातात करंज्यांचा डबा, बगलेत पुठ्ठे. गाडी हलली तेव्हा ह्या बाईला मी पहिल्यांदा घाबरलेली पाहिलं. खिडकीतून म्हणाल्या, "थो दार नाई उघडन त?" मी काही बोलायच्या आत गाडी पुढे गेली.

पुण्यात काय झालं, ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. आठव्या दिवशी परत आल्या, चप्पल काढली, पाणी प्यायल्या. काकू आणि मी तोंडाकडे बघत उभ्या. शेवटी म्हणाल्या, "सूनबाईनं चहा देला. पुरा पेला मी." काकूंनी देवाला हात जोडले. मग सिस्टरांनी आपला दवाखान्यातला निळा स्वेटर काढला, तीस हिवाळे घातलेला, आणि तो उसवायला बसल्या. चोवीस तारखेपर्यंत त्याचं एक बोटभर बाह्यांचं झबलं झालं होतं.

चोवीसला ते तिघं आले. बबलू माझ्या मनात फार रागीट होता; प्रत्यक्षात डोक्यावरचे केस विरळ झालेला, आईसारखाच खांदे पाडून चालणारा माणूस निघाला. ओसरीवर बसला, लोड कुरकुरला आणि तो एकदम लहान मुलासारखा हसला. "अजून हायेच काय हा?" मी चहा दिला तेव्हा त्याच्याकडे बघायची मला हिंमत होईना. सिस्टरांनी त्याला पेटीची गोष्ट सांगितली होती. माझं नाव सांगितलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

पंचवीसला चर्चहून आल्यावर भेटी द्यायच्या. पऱ्हाटीला बोंडं लखलखीत फुटलेली. काकू सोवळं सांभाळून उंबऱ्यावर बसलेल्या. सिस्टरांनी रूथला समोर बसवलं आणि तिच्या मांडीवर तो निळा कागद ठेवला. तोच, चांदण्यांचा. आत झबलं, वर बँडेजची पट्टी. यादीत पुढचं नाव तिचंच होतं, म्हणून कागद तिलाच.

तेरा महिन्यांची पोर. तिनं पट्टी बघितली नाही, गाठ बघितली नाही. दोन्ही मुठींनी कागद धरला आणि टर्रकन फाडला.

बबलू झेपावला आणि त्यानं तिची मनगटं धरली. लहानपणापासूनची सवय. "हळू, बेटा, हळू. आजीचा कागद..." पोरीनं भोकाड पसरलं. सूनबाईंचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा गुलाबजामुन.

"सोड तिचे हात," सिस्टर म्हणाल्या.

"आई, कागद..."

"सोड म्हनलं नं. कागद परत याची वाट पाहाची ते मानसं येत नाई म्हनून. मानसं आली. आता कागद काय चाटाचा हाये?" आणि खाली वाकून त्यांनी फाटलेला एक मोठा तुकडा पुन्हा पोरीच्या मुठीत दिला. "फाड वं माय. फाड."

रूथनं फाडला. चांदण्या फाडल्या, पेन्सिलीची यादी फाडली, 'आणू का' फाडलं, 'आण' फाडलं. प्रत्येक टर्र आवाजाला ती खिदळायची आणि तिच्याबरोबर सिस्टर. इतक्या हसल्या की चष्मा काढून पदरानं डोळे पुसावे लागले, आणि पुसून झाल्यावरही पदर बराच वेळ तिथेच राहिला. बबलू आईच्या बाजूला येऊन बसला. मी आत जाऊन उगाचच चहाचं आधण ठेवलं.

सिस्टरांना जाऊन आता दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत घरात बादली आली नाही. पेटी बबलू पुण्याला घेऊन गेला. दर नाताळला मला तिच्यातल्या एका कागदात गुंडाळलेल्या करंज्या येतात, आणि मी कागद परत पाठवते. पण सिस्टर डोळ्यांपुढे येतात त्या पेटीपाशी नाही, त्या सव्वीस तारखेच्या सकाळी दिसतात. घंटागाडी गाणं वाजवत आली. नेहमीप्रमाणे आमच्या दारावरून न थांबता पुढे चालली होती.

"ए, थांब!" सिस्टर ओरडल्या आणि अनवाणी रस्त्यावर आल्या. दोन्ही हातांच्या ओंजळीत निळे कपटे.

त्या माणसानं नुसती गाडीच थांबवली नाही, तर गाणंही बंद केलं. "सिस्टर? काय झालं? सगळं बरं हाये नं?"

"नातीनं कचरा केला," सिस्टर म्हणाल्या. मोहल्ल्यातल्या सगळ्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मग ओंजळ त्याच्या हातात रिकामी केली. "घे. जपून नेजो."